‘ओव्हरनाइट’ काय होते आणि काय होत नाही



वर्षावासाचे दिवस आहेत. आषाढी पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत भिक्खूंनी एका ठिकाणी राहावे, असा नियम भगवान बुद्धांनी घालून दिला. त्याचे कारण आमच्या शाहूवाडी तालुक्यात कोणाला फोड करून सांगावे लागत नाही. आंब्याच्या बाजूने ढग एकदा उतरले की कडवी, शाळी, कासारी दुथडी भरून वाहतात आणि माणूस आपोआपच घरात बसतो. या तीन महिन्यांत आमच्या वाडीतील विहारात रोज सायंकाळी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन होते. आज जे सांगावयाचे आहे ते अशाच एका वाचनानंतर घडले आणि त्यात मीही दोषी आहे, म्हणून ते लिहीत आहे.

त्या सायंकाळी वाचन संपले, पण पाऊस काही थांबेना. मंडळी बसून राहिली. बोलता बोलता एका घरच्या लग्नाचा विषय निघाला. मुलगा शिकलेला, पुण्यास नोकरीला. मुलगी त्याने स्वतः पसंत केली आहे. तीही शिकलेली आहे. तिच्या घरी त्रिशरण-पंचशील म्हटले जाते, भिंतीवर तथागतांची आणि बाबासाहेबांची तसबीर आहे, घरात दारूचा थेंब नाही. अडचण एकच. त्या घराण्याने धम्मदीक्षा घेतली ती मातंग समाजातून. आपल्याकडे सोयरीक ठरविताना एक प्रश्न हळूच विचारला जातो, “बौद्ध, पण मूळचे कोण?” तो येथेही विचारला गेला, आणि उत्तर ऐकून सगळे गप्प झाले.

मग मुलाचे चुलते अगदी शांतपणे म्हणाले, “गुरुजी, आमचा काही विरोध नाही. पण चेंज काय ओव्हरनाइट होत नाही. लोकांना वेळ द्यायला पाहिजे.”

सर्वांनी माना डोलावल्या. मीही डोलावली. वाक्य इतके शहाणपणाचे वाटले की त्यावर काही बोलावे असे कोणालाच वाटले नाही. घरी आल्यावर मात्र मला झोप लागेना. ज्या विहारात अर्ध्या तासापूर्वी समतेचे वाचन झाले, त्याच विहारात एका मुलीला तिच्या जातीवरून थांबविण्यात आले होते, आणि त्याला मी मान डोलावली होती.

वाचकहो, त्या एका इंग्रजी शब्दाचा थोडा विचार करा. ‘ओव्हरनाइट’ म्हणजे एका रात्रीत. आपल्या मराठीत ‘रातोरात’ आहे, ‘एका रात्रीत’ आहे. मग तोंडात इंग्रजी का येते? इंग्रजी येण्यात वाईट काही नाही. बाबासाहेबांनी जगाला सांगावयाचे ते इंग्रजीतूनच सांगितले. पण येथे त्या इंग्रजीने एक वेगळेच काम केले. चुलत्यांचे वाक्य साध्या मराठीत म्हणून पाहा: “आमच्या मनातली जात एका रात्रीत जात नाही, म्हणून ही मुलगी आम्हांला सून म्हणून नको.” हे वाक्य विहारात, तथागतांच्या मूर्तीसमोर, कोणाच्या तोंडून निघाले असते काय? जीभ अडखळली असती. ‘चेंज’ म्हटले की कशाचा बदल, हे सांगावे लागत नाही. ‘ओव्हरनाइट होत नाही’ म्हटले की कधी होणार, हेही सांगावे लागत नाही. आणि बदलायचे कोणी, तर ‘लोकांनी’. बोलणारा आपला बाजूला राहिला. तीनही गोष्टी झाकल्या गेल्या आणि वर शहाणपणाचा मान मिळाला.

आता दुसरी बाजू पाहा. हाच शब्द एकेकाळी आपल्या विरोधात वापरला गेला आहे, आणि आजही वापरला जातो. १९५१ च्या शिरगणतीत आजच्या महाराष्ट्राच्या भागात बौद्धांची संख्या अवघी अडीच हजारांच्या आसपास होती. १९६१ च्या शिरगणतीत ती २७ लाख ८९ हजारांवर गेली. हे आकडे पाहून लोक म्हणाले, हे काय रातोरात बौद्ध झाले! एका रात्रीत कोणाचा धर्म बदलतो काय? मेंढरांप्रमाणे एकामागे एक गेले, एवढेच.

या आक्षेपाला उत्तर द्यावयाचे तर इतिहासाची पाने उलटावी लागतात. मॅट्रिक झालेल्या तरुण भीमरावांच्या हाती केळुसकर गुरुजींनी आपले बुद्धचरित्र ठेवले, ते दीक्षेच्या जवळजवळ अर्धशतक आधी. आपल्याच कोल्हापूर संस्थानात राजर्षी शाहू महाराजांनी १९०२ साली मागासलेल्या वर्गांसाठी निम्म्या जागा राखून ठेवल्या आणि १९१८ साली महार वतन रद्द करून वेठबिगारीचे जोखड उतरविले. मार्च १९२० मध्ये माणगावच्या परिषदेत महाराजांनी बाबासाहेबांकडे बोट दाखवून, तुम्हांला तुमचा पुढारी मिळाला आहे, या अर्थाचे उद्गार काढले. पुढे १९२७ साली महाडचे चवदार तळे झाले, त्याच वर्षी २५ डिसेंबरला मनुस्मृतीचे दहन झाले, १९३० साली नाशिकला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. आणि १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्यास बाबासाहेबांनी जाहीर केले, की हिंदू म्हणून जन्मलो हे माझ्या हाती नव्हते, पण हिंदू म्हणून मरणार नाही.

येवल्याची तारीख १३ ऑक्टोबर १९३५. नागपूरच्या दीक्षेची तारीख १४ ऑक्टोबर १९५६. दोहोंमध्ये एकवीस वर्षे आणि एक दिवस आहे. मी कागदावर हिशेब केला. त्या ७,६७२ रात्री होतात. या रात्रींत बाबासाहेबांनी धर्मांचा अभ्यास केला. १९३६ साली मुंबईस महार परिषद भरवून धर्मांतराचा प्रश्न समाजापुढे मांडला. १९५० साली ते श्रीलंकेस गेले, १९५४ साली रंगूनच्या जागतिक बौद्ध परिषदेस गेले, त्याच वर्षी २५ डिसेंबरला देहूरोड येथे बुद्धमूर्तीची स्थापना केली आणि १९५५ साली भारतीय बौद्ध महासभा स्थापन केली. ज्याला कोणाला हे ‘ओव्हरनाइट’ वाटत असेल, त्याने या रात्री मोजाव्यात.

आणि ‘रातोरात’ हा शब्द तर मुळीच लागू पडत नाही. मराठीत रातोरात गाशा गुंडाळतात, रातोरात गाव सोडतात. लोकांच्या नजरेआड करावयाचे ते रातोरात होते. नागपूरची दीक्षा भरदिवसा, अशोक विजयादशमीच्या सकाळी, लाखो लोकांच्या देखत झाली. महास्थवीर चंद्रमणी यांच्याकडून बाबासाहेबांनी त्रिशरण-पंचशील घेतले आणि मग स्वतः आपल्या अनुयायांना बावीस प्रतिज्ञा दिल्या. त्यात लपविण्यासारखे काही नव्हते, आणि मिळण्यासारखेही काही नव्हते. उलट बौद्ध झाल्याने अनुसूचित जातीच्या केंद्रीय सवलती गेल्या. त्या मिळण्यासाठी १९९० साल उजाडावे लागले. चौतीस वर्षे! लोभाने गेलेला माणूस चौतीस वर्षे थांबत नाही.

येथवर वाचून कोणी म्हणेल, “गुरुजी, मग चुलत्यांचे बरोबरच झाले की! बाबासाहेबांनाच एकवीस वर्षे लागली, तर आमच्या वाडीला दहा-वीस वर्षे लागली म्हणून काय बिघडले? आणि बुद्धांनीही धम्म क्रमाक्रमानेच सांगितला आहे.”

खरे आहे, सांगितला आहे. भगवंतांनी धम्माला महासागराची उपमा दिली. महासागर जसा क्रमाने उतरत, क्रमाने खोल होत जातो, त्याला एकदम तुटलेला कडा नसतो, तशी या धम्मात शिकवण क्रमाची, आचरण क्रमाचे, वाटचाल क्रमाची आहे. येथे एकदम उडी नाही. आपण डोंगरातली माणसे. तुटलेला कडा म्हणजे काय ते आपल्याला आंबा घाटाच्या माथ्यावर उभे राहिल्यावर दिसते. पायांखालची जमीन संपते आणि खाली एकदम कोकण. तेथून कोणी उडी मारून साखरप्याला जात नाही. वळणावळणाने, घाटानेच उतरावे लागते.

दुसरा प्रसंग श्रावस्तीचा. पूर्वारामात, विशाखेने बांधलेल्या प्रासादात भगवंत राहत असताना गणक मोग्गल्लान नावाचा ब्राह्मण त्यांच्याकडे आला. हा हिशेबाचे काम करणारा. त्याने विचारले, या प्रासादाला पायरीपायरीने चढणे आहे, आम्ही शिष्याला हिशेब शिकवितो तो एकापासून सुरू करून क्रमाने शंभरापर्यंत नेतो. तुमच्या धम्मात असा काही क्रम आहे काय? भगवंत म्हणाले, आहे. आधी शील, मग इंद्रियांचा संयम, मग आहारात मात्रा, मग जागृती, मग स्मृती, मग ध्यान. मोग्गल्लानाने पुढे विचारले, मग सगळेच शेवटपर्यंत पोहोचतात काय? भगवंत म्हणाले, काही पोहोचतात, काही पोहोचत नाहीत. राजगृहाचा रस्ता कोणी विचारला आणि तुम्ही नीट सांगितला, तरी एक जण सुखरूप पोहोचतो आणि एक जण उलट्या वाटेने जातो. त्याला तुम्ही काय करणार? तथागत हा वाट दाखविणारा आहे.

बांधवांनो, या उपमा पुन्हा वाचा. सागराचा उतार क्रमाचा आहे, पण तो पाण्यात उतरलेल्या माणसासाठी. जिना पायरीपायरीचा आहे, पण तो पहिल्या पायरीवर पाय ठेवलेल्या माणसासाठी. खाली अंगणात उभा राहून, “जिना काही एकदम चढून होत नाही,” असे वर्षानुवर्षे म्हणणारा माणूस क्रमाने चढत नसतो. तो उभा असतो. बाबासाहेबांची एकवीस वर्षे ही अंगणात उभे राहण्याची वर्षे नव्हती. येवल्यास त्यांनी पहिल्या पायरीवर पाय ठेवला, तो भर सभेत, सर्वांच्या देखत. नंतरची एकवीस वर्षे चढण्यात गेली.

अंगुलिमालाची कथा आपल्या सर्वांना ठाऊक आहे. भगवंतांच्या एका भेटीत त्याने शस्त्र टाकले. यापेक्षा ‘ओव्हरनाइट’ काय असू शकते? त्याला रात्रही लागली नाही. पण कथेचा पुढचा भाग आपण सांगत नाही. भिक्खू झालेला अंगुलिमाल भिक्षेसाठी नगरात गेला तेव्हा लोकांनी त्याला ढेकळे मारली, काठ्या मारल्या. डोके फुटून रक्त आले, भिक्षापात्र फुटले, चीवर फाटले. तशा अवस्थेत तो परत आला तेव्हा भगवंतांनी त्याला सांगितले, सहन कर. शस्त्र टाकणे क्षणाचे होते. शस्त्र टाकलेला माणूस म्हणून जगणे हे रोजचे होते. पण आधी काय घडले ते लक्षात घ्या. लोकांचा राग शांत होईपर्यंत शस्त्र हातातच धरतो, असे अंगुलिमाल म्हणाला नाही.

हे सारे मी ग्रंथांतून सांगतो आहे. पण मला याची खरी समज ज्यांच्याकडून मिळाली, त्यांनी ग्रंथ वाचलेला नाही. त्या नवऱ्या मुलाच्या आजी आहेत. वय ऐंशीच्या घरात.

दोन दिवसांनी मी त्या घरी गेलो. आपण मान डोलावली ती चूक झाली, हे सांगण्याचे मनात होते. चुलते ओसरीवर बसले होते. आजी चुलीजवळ शेकत होत्या. मी विषय काढला आणि सहज विचारले, “आजी, तुमच्या माहेरी दीक्षा कधी घेतली?”

आजी म्हणाल्या, “बा मुंबैला गिरणीत हुता. बाबासायेब गेलं तवा दादरला चितंपाशी हुता. तितं भंतेजींनी समद्यास्नी दीक्षा दिली.”

ही गोष्ट इतिहासाला धरून आहे. ७ डिसेंबर १९५६ रोजी दादरच्या चौपाटीवर, बाबासाहेबांच्या अंत्यसंस्काराच्या वेळी, भदंत आनंद कौसल्यायन यांनी लाखांवर लोकांना दीक्षा दिली.

“मग बा गावाकडं आला,” आजी सांगत होत्या. “कुणाशी बोलला न्हाई. सकाळी उठला, द्येवाऱ्यावरचं टाक, मूर्त्या, परडी, समदं पाटीत घातलं आन् कडवीला नेऊन सोडलं. मी संगट हुते, लहान हुते. आई दारात हुबी राहून रडत हुती.”

“का रडत होत्या?”

“भ्या वाटंल न्हाई व्हय? त्याच साली माझ्या धाकट्या भावाला ताप भरला. आई म्हणाली, कोप झाला. बानं पोराला पाठीवर घेतलं आन् मलकापूरला डाक्टरकडं नेलं. बरा झाला. तरी आवस आली की आई कावरीबावरी व्हायची.”

“मग ती भीती कधी गेली?”

“ती काय एकदम गेली व्हय, गुर्जी? पाच-सात पावसाळं गेलं. आदी द्येव गेलं, भ्या मागनं गेलं.” थोडा वेळ थांबून त्या म्हणाल्या, “भ्या जायाची वाट बघत बा बसला असता, तर टाक आज बी तितंच असतं.”

चुलते म्हणाले, “आई, ते दिवस वेगळे होते. आता लोक काय म्हणतील?”

आजी म्हणाल्या, “तवा बी लोक हुतंच की.”

उपासक-उपासिकांनो, धम्माचा क्रम याहून स्पष्ट कोणी सांगू शकेल असे मला वाटत नाही. निर्णय एका सकाळचा असतो. त्यानंतर मनातली भीती, सवय, लाज हळूहळू जाते. आपण हा क्रम उलटा केला आहे. आधी मन बदलू दे, समाज बदलू दे, मग निर्णय घेऊ, असे आपण म्हणतो. असे कधीच घडत नाही. आपल्या शेतातही तसे घडत नाही. तरवा उपटला की तो चिखलात लावावा लागतो. लावल्यावर तो काही दिवस मान टाकतो, पिवळा पडतो, पाहणाऱ्याला वाटते की गेला. मग मूळ धरतो आणि हिरवा होतो. “आधी मूळ धरू दे, मग लावतो,” असे म्हणणारा शेतकरी मी आमच्या तालुक्यात पाहिलेला नाही.

तेव्हा यापुढे कोणी आपल्यासमोर ‘ओव्हरनाइट’ हा शब्द उच्चारील, तेव्हा त्याला नम्रपणे एकच विचारावे: आपण निर्णयाबद्दल बोलता, की सवयीबद्दल? सवयीबद्दल बोलत असाल तर आपले म्हणणे शंभर टक्के खरे आहे, आणि आम्ही आपल्याबरोबर धीर धरू. दारू सोडलेला माणूस एखादे दिवशी घसरला तर त्याला हाकलून देऊ नये, हात धरून उठवावे. म्हाताऱ्या आईच्या मनातली अमावास्येची भीती थट्टेने जात नाही. तिच्याजवळ बसावे लागते. क्रमाची शिकवण ही दुर्बळ माणसाला धीर देण्यासाठी आहे. पण आपण निर्णयाबद्दल बोलत असाल, तर निर्णयाला क्रम नसतो. मुहूर्त पाहावयाचा की नाही, हुंडा घ्यावयाचा की नाही, बौद्धाच्या घरची मुलगी बौद्धाच्या घरी तिची जुनी जात न विचारता आणावयाची की नाही, याला ‘होय’ किंवा ‘नाही’ एवढीच उत्तरे आहेत. “हळूहळू” हे त्याचे उत्तर नव्हे. ते ‘नाही’चेच सभ्य नाव आहे.

बावीस प्रतिज्ञांत मनुष्यमात्राच्या समानतेची आणि ती समानता प्रस्थापित करण्यासाठी झटण्याची प्रतिज्ञा आहे. ती आपल्या आजोबा-पणजोबांनी उभे राहून घेतली. जातीवरचा खरा उपाय म्हणजे बेटीव्यवहार, हे बाबासाहेबांनी १९३६ साली ‘जातिभेद निर्मूलन’ या भाषणात मांडले. आपण दुसऱ्यांना ते भाषण वाचावयास देतो. त्यांच्याकडे पाण्याचा, मंदिराचा, घराचा, बेटीचा हिशेब मागतो, आणि तो मागण्याचा आपल्याला अधिकार आहे. पण मातंग समाजातून आलेल्या आपल्याच धम्मबंधूला आपण ‘मूळचे कोण?’ म्हणून विचारले, तर ज्या शिडीवरून उतरून आपण आलो तिचीच एक पायरी आपण घरात आणून ठेवली, असे होईल. मग जे आपल्याला ‘रातोरात बौद्ध झालेले’ म्हणून हिणवितात त्यांना आपण काय उत्तर देणार? नागपूरच्या मागे ७,६७२ रात्री होत्या. नागपूरच्या पुढे किती रात्री गेल्या, त्याचाही हिशेब कोणीतरी मागेल.

आमच्या वाडीतील त्या लग्नाची बैठक येत्या रविवारी विहारात आहे. हा अंक आपल्या हाती पडेल तेव्हा ती होऊन गेलेली असेल. काय ठरेल ते मी आज सांगू शकत नाही. चुलते अद्याप गप्प आहेत. पण गप्प बसलेला माणूस विचार करीत असतो, अशी माझी श्रद्धा आहे. मी माझ्यापुरते ठरविले आहे. त्या दिवशी विहारात मी मान डोलावली होती. रविवारी त्याच विहारात, त्याच मंडळींसमोर उभा राहून मी प्रथम सांगणार आहे की माझे चुकले. त्याला रात्र लागण्याचे कारण नाही.

आपल्याही वाडीत, आपल्याही घरात असा एखादा निर्णय ‘ओव्हरनाइट होत नाही’ म्हणून कोनाड्यात पडून असेल. येत्या पौर्णिमेला तो खाली काढा. भीती मागाहून जाईल.

भवतु सब्ब मंगलं.